'येतो' न म्हणणारी बाई

ढोक मॅडमची बातमी आली तेव्हा मी गिऱ्हाइकाशी भांडत होते. हिंगणघाटला माझं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, लेस, परकराचं कापड, असलं सगळं. एक बाई वांगी रंगाचं ब्लाऊजपीस हातात धरून त्यावर गुलाबी अस्तर मागत होती आणि वर मलाच रंग शिकवत होती. तेवढ्यात वर्ध्याहून एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. त्यांचा मुलगाही पूर्वी मॅडमकडे उपचाराला जायचा. "ताई, ढोक मॅडम वारल्या. सकाळी चहा घेता घेता... हार्ट अटॅक." माझ्या तोंडून पहिला जो शब्द निघाला तो वर्तमानपत्राच्या या पुरवणीत छापता येणार नाही. ती गिऱ्हाईक बाई गुलाबी अस्तर घेऊन मुकाट्यानं निघून गेली.

मला रडू आलं नाही, राग आला. कारण त्याच आठवड्यात ही बाई माझ्या दुकानात उभी होती. मोरपंखी साडी फॉल-पिकोला टाकली, फॉलच्या रंगावरून नेहमीप्रमाणे वाद घातला, मी दिलेला पेढा 'तुपाचा वास येते' म्हणून परत केला, आणि पायऱ्या उतरता उतरता म्हणाली, "चला, जातो मी." मी नेहमीप्रमाणे ओरडले, "येतो म्हणा की! जीभ झडते का तुमची?" तर मागं न बघता म्हणते, "आलो त दिसनच." आमच्याकडे बायासुद्धा 'येतो', 'जातो' असंच बोलतात, लिहिताना मी जरा नीट लिहिते, बोलताना नाही. पण निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. ही एवढी शिकलेली बाई जन्मभर प्रत्येक उंबऱ्यावरून 'जातो' म्हणत गेली. आणि गेली.

पुरवणीच्या संपादकांनी 'मॅडमबद्दल चार शब्द लिहा' म्हटलं, तेव्हा मी त्यांना आधीच सांगितलं होतं, गोड शब्द हवे असतील तर दुसरं दार बघा. गोड बोलणाऱ्यांचा काही तोटा नव्हता. शोकसभेत नुसती रीघ लागली होती. 'देवमाणूस', 'मायेचा सागर', 'मुलांची माउली'... ऐकून माझं डोकं फिरलं. मायेचा सागर? ती बाई लहान मुलांना स्वतःला मावशीसुद्धा म्हणू देत नसे. "मी कोणाची मावशी नाई. मॅडम म्हणा, नाईतर कल्पना म्हणा." आणि हे भाषण ठोकणारे कोण, तर ज्यांनी आपल्या इमारतीत तिला खोली दिली नाही ते. 'पागलायचे पोट्टे येतीन, बाकीचे भाडेकरू पळतीन' हे त्यांचे शब्द मी या कानांनी ऐकलेले आहेत. ज्यांची नात मागच्या बोळातून, डोक्यावरून ओढणी घेऊन तिच्याकडे जायची, ते पहिल्या रांगेत रुमाल डोळ्याला लावून बसले होते. गाव मोठं सोयीचं आहे बाबा. जिवंतपणी पागलाची डॉक्टर, मेल्यावर देवमाणूस. ती देवमाणूस नव्हती. ती भांडकुदळ, हेकट, तोंडाळ बाई होती आणि माझ्याएवढं तिच्याशी कोणी भांडलं नसेल, म्हणून मला बोलायचा हक्क आहे.

तर सुरुवातीपासून सांगते. माझी मुलगी मयूरी, मयू, चौथीत होती तेव्हा माझे सासरे वारले. पोरीचा त्यांच्यावर फार जीव. आबाजी म्हणायची त्यांना. नागपूरला दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा गाडीत बसताना ते तिला म्हणाले, "येतो वं बाई. तुह्यासाठी संत्र्याची बर्फी आणतो." ते काही आले नाहीत. आमच्या मोठ्या भाऊजींनी ठरवलं, पोरीची परीक्षा आहे, तिला सांगायचं नाही. तिला कारंजा घाडग्याला माझ्या भावाकडे पाठवली. आबाजी कुठे विचारलं की सांगायचं, वडनेरला शेतावर आहेत, येतील. घरोघरी असंच करतात, आम्ही काही वेगळं केलं नाही. परीक्षा संपली, पोरगी घरी आली, आणि बैठकीत आबाजींच्या फोटोला हार. कोणी काही बोललं नाही, तिनंही विचारलं नाही. भाऊजी म्हणाले, पाहा, पोरगी किती समजदार आहे.

ती समजदार पोरगी पुढच्या वर्षी शाळेत जाईना. सकाळी दप्तर अडकवलं की पोट दुखायचं, उलटी व्हायची. सोनोग्राफी झाली, जंताचं औषध झालं, नजर काढून झाली, एका महाराजांचा दोरा झाला. मग कळलं, शाळा नको असं नव्हतंच, मला सोडून जायचं नव्हतं. मी मोरीत गेले तरी दाराबाहेर उभी. दुकानात निघाले की पदर धरायची. "आई, तू मरणार नाई ना?" मी म्हणायची, "नाई वं बाई." "येतो म्हण." "येतो." "पुन्हा म्हण." फाटकाशी एकदा, कोपऱ्यावर एकदा, आणि दुकानात पोचले की फोन करून पुन्हा एकदा. तिच्या समाधानासाठी माझा दिवस 'येतो' म्हणण्यातच जायचा. आणि समाधान किती वेळ टिकायचं? चहा निवेपर्यंत.

आमच्या गावातल्या मेडिकल स्टोअरच्या वरच्या खोलीत ढोक मॅडम बसायच्या, मुलांच्या मनावर उपचार करायच्या. मूळची वडनेरचीच, शेतकऱ्याची पोरगी, पुण्याला शिकून परत आलेली. खोलीबाहेर आईबापांसाठी एक प्लॅस्टिकचं स्टूल होतं, ते डुगडुगायचं. मी पहिल्याच दिवशी तक्रार केली. म्हणाली, "आरामशीर बसलात तर आतलं ऐकत बसाल." मयू आत, दार बंद, मी बाहेर डुगडुगत, हे फार पुढचं. आमच्या पोरीनं मला सोडून त्या खोलीत पाऊल टाकायलाच किती दिवस घेतले ते सोडाच. आधी दार सताड उघडं, मग अर्धं, मग फट. मग मला आत बोलावलं आणि पहिलंच वाक्य काय, तर "पोरीले भीतीचा आजार आहे, अन् तिले चारा तुम्ही घालून राह्यल्या."

अहो, काय बोलणं आहे हे? दिवसभर दुकान, घर, स्वयंपाक सांभाळून मी पोरीला उराशी धरून फिरते आणि ही मला सांगते चारा घालता म्हणून! मी म्हटलं, "तुम्हाले लेकरू आहे का?" तिनं सरळ सांगितलं, "नाई. पण हे त्याचं उत्तर नाई." मग बोलली, "ती विचारते, तू मरणार नाई ना. तुम्ही म्हणता, नाई. थे तुमच्या हातात आहे का? पोरीले पक्कं माहीत आहे का येतो म्हणणारा माणूस येत नाई कधी कधी. तिनं पाह्यलं आहे. म्हणून तुमच्या उत्तरावर तिचा भरोसा बसत नाई, अन् ती पुन्हा विचारते."

"मंग काय सांगू? मरतो म्हणू?"

"म्हणा, मले माहीत नाई. अन् कामाले लागा."

मी त्या दिवशी जिना उतरताना तिला मनात इतक्या शिव्या दिल्या की विचारू नका. पुन्हा जाणार नव्हते. पण मयू रिक्षात म्हणाली, "मॅडमनं मले खोटं नाई सांगितलं." एवढंच म्हणाली. म्हणून गेले, दुसऱ्या कशासाठी नाही.

या उपचाराला सीबीटी म्हणतात. मला मॅडमनं सांगितलं ते असं, की मन काहीतरी सांगतं, त्यानं भीती वाटते, आणि भीती वाटली की आपण पळतो. पळालो की बरं वाटतं, म्हणून मन पुढच्या वेळी आणखी मोठ्यानं सांगतं. तर पळायचं नाही, थांबायचं आणि पाहायचं, मन सांगतं तसं होतं का. गोळी नाही, दोरा नाही. मयूला तिनं भीतीचं थर्मामीटर शिकवलं, शून्यापासून दहापर्यंत. आज किती? सात. थांब जरा. आता किती? पाच. मग पायऱ्या. आई अंगणात, पोरगी घरात. आई किराण्याच्या दुकानात, फोन घरी ठेवून. आई दिवसभर दुकानात, एकही फोन नाही. पायऱ्या पोरीनंच ठरवायच्या, कोणती आधी, कोणती नंतर. मी म्हटलं, दहा वर्षांच्या पोरीच्या हातात कारभार देता? म्हणाली, "भीती तिची आहे, तुमची नाई." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "तुमची पाह्यची असन त वेगळी वेळ घ्या." काय ती आगाऊ बाई!

शेवटच्या पायरीवर आमचं खरं जुंपलं. मयूनं ठरवलं होतं, आई एकटी वर्ध्याला जाईल, फोन बंद, आणि निघताना 'येतो' म्हणणार नाही. मी म्हटलं, हे अभद्र माझ्याकडून होणार नाही. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं? माझ्या आईनं नाही म्हटलं, आजीनं नाही म्हटलं. मॅडम म्हणाली, "तुमच्या आईचं 'येतो' मी नाई काढून राह्यली. ज्या दिवशी पोरगी मागणार नाई, त्या दिवशी पोटभर म्हणा." आमचे हे मध्ये पडले तर त्यांनाही झापलं. भाऊजींनी तर जाहीरच केलं, की ही बाई आपल्या घरावर काहीतरी आणणार. दोन आठवडे मी तिच्याशी बोलले नाही. शेवटी मयू माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तोंड पांढरं पडलेलं, आणि म्हणाली, "आई, तू काऊन घाबरून राह्यली? मी त तयार आहो."

गेले. दुकानाच्या पायरीवरून "जातो" म्हणाले आणि बस स्टँडपर्यंत वळून पाहिलं नाही. एसटीत बसून हमसून रडले, कंडक्टरनं विचारलं कोणाकडे मयत आहे का. जाणं नीट झालं. येताना गाडी बंद पडली. भर रस्त्यात, डाव्या हाताला कपाशी, उजव्या हाताला कपाशी. फोन माझ्या पर्समध्ये, बंद. पोरीला दिलेली वेळ टळून गेली, तरी दुसरी गाडी येईना. मी फोन हातात घ्यायची, पुन्हा ठेवायची. त्या बाईला मी रस्त्यावर उभी राहून जेवढे शाप दिले त्यातला अर्धा जरी लागला असता तर ती तेव्हाच गेली असती. मनाशी पक्कं केलं होतं, पोरीला काही झालेलं असलं तर हिला दुकानासमोर चपलेनं मारीन.

पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. दुकानात दिवे लागलेले. मयू गल्ल्याशी उभी राहून एका बाईला लेस मोजून देत होती. डोळे सुजलेले, नाक लाल. मला पाहिलं, लेस कापली, बाईला दिली, आणि मग म्हणाली, "तू लय उशिरा आली. मन म्हणे तू मेली. पण तू मेली नाई." कात्री खाली ठेवली. "अन् मी बी नाई मेलो."

मी तिला जवळ घेतलं नाही. तिला ओलांडून मागे बसलेल्या मॅडमवर तुटून पडले. "तुम्ही मले फोन काऊन नाई केला?" "तुमचा बंद होता," म्हणे. माझ्याच स्टुलावर बसून ती शेंगा सोलत होती. मांडीवरच्या पेपरवर दाण्यांचा हा ढीग, टरफलांचा तो ढीग. एक दाणा खाल्लेला नव्हता. मी ते पाहिलं. तिनं दाणे पेपरात बांधले, माझ्या हातात दिले, "चटणी करजा" म्हणाली, आणि उठली. "जातो मी."

मयू दुसऱ्या महिन्यात शाळेत जायला लागली. रोज नाही, रडतखडत, कधी परत यायची. सिनेमासारखं काही झालं नाही. पण सातवीत ती सहलीला गेली आणि आता अमरावतीला फार्मसीला आहे, होस्टेलवर.

मग यात माझा राग कुठे, असं कोणी विचारील. राग आहे. गोड बोलायला तिचं काय जात होतं? तिच्या जिभेमुळे मुलं हातची गेली. एक मुलगा होता, वर्गात तोंड उघडलं की घाम फुटायचा, हात थरथरायचे. तीन पायऱ्या चढला होता. त्याच्या वडिलांनी त्याला चारचौघात 'डरपोक' म्हटलं, तर हिनं भर बाजारात, भाजीच्या गाड्यापाशी, त्या माणसाची अब्रू काढली. "डरपोक तुम्ही आहा, पोरगं नाई." बरोबर होती, पण बरोबर असून काय उपयोग? त्या माणसानं दुसऱ्या दिवसापासून पोराला पाठवणं बंद केलं. मी तिला म्हटलं, जा, माफी माग, पोरासाठी माग. म्हणाली, "खरं बोलल्याची माफी नाई मागत." मुलांना पायरी पायरीनं न्यायची आणि बापाला एका दणक्यात खाली ढकलायची, ही कुठली शिकवण? त्या मुलाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. तिलाही माहीत नव्हतं. पण त्या गाड्यावरून तिनं पुन्हा कधी भाजी घेतली नाही, एवढं मी पाहिलं. देवमाणूस म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं.

तर बातमी आली त्या दिवशी मी घरी गेले तेव्हा आमचे हे आणि भाऊजी बैठकीत माझी वाटच पाहत होते. मयूचे पेपर सुरू होते. भाऊजी म्हणाले, "पोरीले सांगू नका. परीक्षा होऊ द्या." ह्यांनी मान हलवली. "त्या बाईमुळंच ती उभी राह्यली. आता ऐकलं त पुन्हा तसंच होईन. कोणी विचारलं त सांगू, मॅडम पुण्याले गेल्या." तीच बैठक. तोच कोपरा. भिंतीवर आबाजींचा फोटो. खोटं नाही सांगत, मलाही तेच वाटत होतं.  इतक्या वर्षांनी पोरीच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं तर? होस्टेलवर, एकटी, आणि जिच्याकडे न्यायचं तीच नाही...

पण भाऊजी 'पुण्याले गेल्या' म्हणाले आणि माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, "बर्फी आणायले गेल्या का?" भाऊजी उठून गेले. अजून बोलत नाहीत माझ्याशी. नका बोलू.

मी अंगणात जाऊन फोन लावला. "मयू, ढोक मॅडम वारल्या. आज सकाळी. हार्ट अटॅक." असं धडाधड बोलून टाकलं, कारण थांबले असते तर खोटं निघालं असतं.  मी ऐकत राहिले. होस्टेलमधल्या पोरी हसत होत्या लांब कुठेतरी.

"तू रडून राह्यली का?" तिनं विचारलं.

"नाई. रागात आहो."

"भीती किती आहे? दहापैकी?"

"मले नको विचारू थे."

"आई. दहापैकी."

"...नऊ."

"कायची?"

"तुही. तुले काही झालं त."

 मग तिचा आवाज फाटला, पण बोलली, "मले काही होणार नाई, असं मी म्हणणार नाई हं, आई. मले माहीत नाई. मी आता रडतो. मंग उद्या पेपरले जातो." आणि फोन ठेवला. मी अंगणात उभी. आपल्याच पोटच्या पोरीनं आपल्याला असं उघडं सोडावं! शिकवणारी मेली, पण शिकवण काही मेली नाही. हलकट बाई.

पेपर संपल्यावर मयू दोन दिवस घरी आली. मॅडमच्या बंद खोलीपर्यंत जाऊन आली, बाहेर ते डुगडुगणारं स्टूल अजून आहे म्हणाली, त्यावर बसून खूप रडली म्हणाली. परत जायच्या दिवशी दुकानात आली. मोरपंखी साडी तिला कपाटात दिसली. वडनेरहून मॅडमच्या भावजयीनं 'तुमच्याजवळच राहू द्या' असा निरोप पाठवला होता, आणि साडी तशीच घडी घालून ठेवलेली होती, तिच्या नावाच्या चिठ्ठीसकट, गिऱ्हाईक येणार असल्यासारखी. "हिचा फॉल काऊन नाई लावला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, वेळ नाई झाला. तिनं माझ्याकडे पाहिलं, अगदी त्या बाईसारखं, आणि म्हणाली, "वेळ झाला आहे, आई. लाव."

बॅग उचलली, पायऱ्या उतरली. "जातो, आई."

माझी जीभ तयारच होती, इतक्या वर्षांची सवय. 'येतो म्हण' तोंडात आलेलं मी गिळलं. पण दुसरं निसटलंच, "पोचली का फोन करजो!" ती रस्त्यात थांबली. वळली. हसली नाही. "नाई करत," म्हणाली.

दुकानात गिऱ्हाइकं होती, सगळी माझ्याकडे पाहायला लागली. मी ओरडले, "नको करू मंग!"

दुपारी साडीचा फॉल लावून टाकला. रंग मॅडमनं निवडलेलाच लावला, माझा चांगला दिसला असता. अमरावतीची गाडी किती वाजता पोचते ते मला पाठ आहे. ती वेळ झाली, टळून गेली. फोन आला नाही. मी दुकान बंद केलं, घरी आले, शेंगदाण्याच्या चटणीशी भाकर खाल्ली, आणि झोपले.